विमानातले स्मोक हूड कधीतरी खरोखर चालवून बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपला नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला प्रवाशांसाठी सुरू झाला तेव्हापासून त्याच्यावर किती छापून आलं त्याला गणतीच नाही. कमळासारखं छत, पार्किंगचे दर, उलव्यातल्या फ्लॅटचे भाव, नावासाठी निघालेले मोर्चे, सगळं आलं आणि आम्ही पण आवडीने वाचलं. पण विमानात धूर झाला तर आतली पोरं-पोरी काय घालून त्या धुरात शिरणार आणि ते जे काही घालणार ते चालतं का हे कोण बघतं, यावर एक ओळ कुठे वाचायला मिळाली नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री लावा हवी तर पण मुद्दा ठेवा.

माझी ओळख एवढीच की आयुष्यभर ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कंपनीत सेफ्टी डिपार्टमेंटला नोकरी केली, आता रिटायर होऊन कोपरखैरण्यात घरी बसलोय, आणि माझी पुतणी एका एअरलाईनमध्ये केबिन क्रू आहे. विमानातलं मला फारसं कळतं असा माझा दावा नाही, पण धूर, गॅस आणि तोंडावर लावायचे मास्क यांच्याशी रोजचा संबंध होता आणि त्याच नजरेने मी हे बघतोय.

२३ डिसेंबर २०२४ ला स्विस कंपनीचं एक एअरबस ए२२० विमान बुखारेस्टहून झुरिकला चाललं होतं. वाटेत इंजिनात बिघाड झाला, केबिन आणि कॉकपिट दोन्हीकडे धूर भरला आणि पायलटनी ते ऑस्ट्रियातल्या ग्राझला उतरवलं. ७४ प्रवासी आणि ५ क्रू. प्रवासी सगळे वाचले. क्रूमधला एक तरुण मुलगा मात्र आयसीयूत गेला आणि आठवड्याभरात, ३० डिसेंबरला वारला. विचार करा, आग नाही, स्फोट नाही, विमान धडधाकट जमिनीवर उतरलंय आणि ज्याच्याकडे धुरासाठी खास दिलेलं साधन होतं तोच दगावला. पुढे तपासात त्या साधनाचा, म्हणजे स्मोक हूडचा विषय निघाला आणि कंपनीने ए२२० विमानांमधले ते हूड ठरल्यापेक्षा लवकर बदलायला घेतले. आपल्याकडे ही बातमी कोपऱ्यात चार ओळींची आली असेल नसेल.

आता हे हूड म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या ओळखीतल्या दहापैकी नऊ लोकांना वाटतं की विमानात धूर झाला की वरून ते पिवळे मास्क पडणार आणि आपण ते लावणार की झालं. नाही हो. ते पिवळे मास्क केबिनमधला हवेचा दाब कमी झाला तर त्यासाठी असतात, त्यात ऑक्सिजन येतो पण त्याच्याबरोबर आजूबाजूची केबिनमधली हवा पण आत ओढली जाते, म्हणजे बाहेर धूर असेल तर धूर पण आत. म्हणून नुसता धूर झाला तर ते खाली सोडतच नाहीत आणि प्रवासी ओरडत बसतात की मास्क का देत नाही. पायलटचा मास्क वेगळा, तो सीटच्या बाजूला डब्यात असतो, एका हाताने पाच सेकंदांत डोक्यावर चढला पाहिजे असा नियम आहे, त्यात शंभर टक्के ऑक्सिजनवर बटण टाकायचं, डोळ्यांवर गॉगल किंवा अख्खा चेहरा झाकणारा मास्क, आणि आतून थोडा जास्त दाब द्यायचा म्हणजे धूर फटीतून आत येत नाही.

केबिन क्रूला मिळतं ते स्मोक हूड, त्यांच्या भाषेत पीबीई. डोक्यावरून गळ्यापर्यंत घालायची चमकदार पिशवीच म्हणा ना, समोर बघायला पारदर्शक खिडकी, गळ्याला घट्ट बसणारा रबराचा पडदा. बऱ्याचशा मॉडेलमध्ये सिलेंडर वगैरे काही नसतं, आत पोटॅशियम सुपरऑक्साईड नावाचं केमिकल असतं. आपण श्वास सोडतो त्यातली वाफ त्याच्यावर गेली की ऑक्सिजन सुटतो आणि त्यातून जे बनतं ते आपलाच कार्बन डायऑक्साईड शोषून घेतं. हुशार रसायन आहे, आमच्या प्लांटमधल्या केमिस्ट लोकांना पण हे सांगितलं की ते खूश व्हायचे. सुरुवातीचा ऑक्सिजन मिळावा म्हणून एक छोटी कांडी पेटते, दोरी ओढली की. एकदा घातला की चालतो १५ मिनिटं. अमेरिकन नियमात तर आग विझवायच्या सिलेंडरपासून तीन फुटांच्या आत हे ठेवलं पाहिजे असं लिहिलंय, म्हणजे एका हाताने एक्स्टिंग्विशर आणि दुसऱ्या हाताने हूड.

इथपर्यंत सगळं छान. माझी अडचण पुढे आहे.

आमच्याकडे कंपनीत बीए सेट असायचे, पाठीवर सिलेंडर, चेहऱ्यावर मास्क, फायर ब्रिगेडवाले घालतात तेच. ६ लिटरचा सिलेंडर ३०० बारला भरला की साधारण १८०० लिटर हवा, काम किती जोराचं आहे त्यावर अर्धा-पाऊण तास जातो, आणि ५५ बारच्या आसपास प्रेशर आलं की शिट्टी वाजायला लागते, म्हणजे आता गुपचूप बाहेर निघ. या सेटची गंमत अशी की तो रोज तपासता येतो. सकाळच्या शिफ्टला माणूस जायचा, व्हॉल्व्ह उघडायचा, गेज बघायचा, मास्क तोंडाला लावून दोन श्वास घ्यायचा, हाताने नळी दाबून मास्क चेहऱ्याला चिकटतो का बघायचा, शिट्टी वाजवून बघायचा आणि रजिस्टरला सही करायचा. सही खोटी असेल तर तेही पकडता यायचं, कारण सेट समोर आहे, आत्ता लावून बघ म्हटलं की झालं.

विमानातल्या हूडचं तसं करताच येत नाही. तो व्हॅक्यूम पाकिटात सीलबंद असतो आणि एकदा उघडला की संपला, मग तो कचऱ्यात. फटाका ओला आहे की सुका हे पेटवल्याशिवाय कळत नाही तसं. फ्लाईटच्या आधी माझी पुतणी जे बघते ते काय, तर हूड जागेवर आहे का, सील तुटलेलं नाही ना, काही मॉडेलवर छोटी खिडकी असते त्यात रंग निळा आहे ना, गुलाबी झाला म्हणजे आत दमट हवा गेली, आणि तारीख. बास. हे सगळं बाहेरून बघायचं. आतलं केमिकल पंधरा मिनिटं टिकेल का, कांडी पेटेल का, गळ्याचं रबर इतकी वर्षं घडी घालून पडल्यावर ताणलं की फाटेल का, हे बाहेरून कोणाच्या बापाला कळणार नाही.

आणि हे मी उगाच भीती घालायला लिहीत नाहीये. २०१६ साली अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान खात्याने, एका मोठ्या कंपनीच्या हूडबद्दल आदेश काढला होता की पाकिटाचं व्हॅक्यूम सील नीट आहे का ते एकेक करून तपासा, कारण सील गेलेलं असेल तर हूड वापरताना त्याने पेट घेण्याचा धोका होता. म्हणजे आगीत जाण्यासाठी जे डोक्यावर घालायचं तेच पेटायचं. हवेतला ओलावा आणि ते सुपरऑक्साईड यांची आधीच मैत्री झालेली असली की असं होतं. आणि आपल्या कोकणपट्टीतल्या पावसाळ्यातली हवा तुम्हाला माहितीच आहे, जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, विमानाचं दार उघडं असताना तीच हवा गॅलीत, म्हणजे विमानातल्या खाण्यापिण्याच्या कप्प्यांच्या जागेत पण शिरते. पाकीट नीट असेल तर काही फरक पडत नाही, मान्य. पण पाकिटावर सामान आपटलं, कप्प्यात कोणीतरी ट्रे कोंबला, कोपरा दुमडला, मग?

माझं म्हणणं एवढंच आहे की जी वस्तू एकेक करून तपासता येत नाही ती नमुना काढून तपासायची असते. कारखान्यात फायर एक्स्टिंग्विशर आम्ही आळीपाळीने खरोखर फोडून चालवून बघायचो, नुसता काटा हिरव्यात आहे म्हणून सोडून द्यायचो नाही, आणि त्यातला एखादा फुसका निघाला की अख्ख्या लॉटकडे संशयाने बघायचो. तसंच दर वर्षी प्रत्येक एअरलाईनच्या चालू विमानांमधून, गोडाऊनमधल्या नव्या कोऱ्या मालातून नाही, रोज उडणाऱ्या विमानातून, कोणाला न सांगता काही हूड उचलायचे आणि ते लॅबमध्ये पूर्ण पंधरा मिनिटं चालवून बघायचे. पाच वर्षांचे पण घ्यायचे आणि मुदत संपत आलेले तर घ्यायचेच घ्यायचे. निकाल डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या वेबसाईटवर टाकायचा. कंपन्या आणि बनवणारे म्हणतील आमचं आतल्या आत चालू असतं, असू दे ना, चांगलंच आहे, मग छापायला काय हरकत आहे?

दुसरा मुद्दा ट्रेनिंगचा, आणि हा मला हूडपेक्षाही जास्त सतावतो.

आमच्या कंपनीत मागच्या बाजूला एक जुनं गोडाऊन होतं, खिडक्या पत्र्याने बंद केलेल्या, आत ओली पोती धुमसवायची आणि दाट धूर झाला की नव्या पोरांना बीए सेट लावून दोघा-दोघांनी आत पाठवायचं, दोरी धरून भिंतीकडेने जायचं, कोपऱ्यातला डमी माणूस ओढून आणायचा. एक काँट्रॅक्टवरचा मुलगा होता, दिघ्याचा, लेखी परीक्षेत सगळ्यात पुढे, उत्तरं तोंडपाठ. आत गेला आणि अर्ध्या मिनिटात मास्क ओढून काढून ठसकत दारातून बाहेर. मी गेज बघितला तर सिलेंडर भरलेला, हवा व्यवस्थित येत होती. मी विचारलं काय झालं रे, तर म्हणाला, साहेब हवाच येत नव्हती. खोटं बोलत नव्हता तो. अंधारात, धुरात, तोंडावर काहीतरी आवळलेलं असताना छाती धडधडते, श्वास जोरात लागतो आणि हवा येत असून पण माणसाला वाटतं की येत नाहीये. दोन-तीन वेळा आत गेल्यावर हे जातं. वाचून जात नाही.

आता केमिकलच्या हूडमध्ये काय होतं ते बघा. आतलं रसायन गरम होतं, म्हणजे हूड पण गरम होत जातो. विचित्र वास येतो. कानाशी सुरसुर आवाज. काचेवर वाफ. बोललेलं बाहेर नीट ऐकू जात नाही आणि बाहेरचं आत येत नाही, त्यात इंटरकॉमवर कॅप्टनला सांगायचं की आग कुठे आहे, किती आहे, कसला वास येतोय. हे सगळं नॉर्मल आहे, असंच होणार असतं. ज्याने कधी खरा चालू हूड घातलेलाच नाही त्याला हे नॉर्मल की बिघाड हे कसं कळणार? एक तर चांगला चालणारा हूड घाबरून काढून टाकेल आणि धूर छातीत घेईल, नाहीतर खरंच बंद पडलेला हूड ‘असंच असतं’ म्हणून घालून बसेल आणि चक्कर येऊन पडेल. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण ऑक्सिजन कमी पडला की आधी डोकंच चालेनासं होतं, काहीतरी चुकतंय हे समजायचीच ताकद जाते. आमच्याकडे टाकी साफ करायला उतरलेले लोक असेच जायचे, ओरडले पण नाहीत.

पुतणीला मी विचारलं होतं, अगं तुम्हाला खरा हूड घालायला देतात का? ती म्हणाली, काका, ट्रेनिंगचा वेगळा असतो, दिसायला तसाच, पाकीट फाडायचं, दोन्ही हात आत घालून रबर ताणायचं, हनुवटी आधी, मग मागे ओढायचं, केस आत घ्यायचे, दोरी ओढल्याची ॲक्शन करायची, त्यात ऑक्सिजन वगैरे काही येत नाही. म्हणजे घालायची कवायत झाली, श्वास घ्यायची नाही झाली. आणि हे फक्त आपल्याकडे आहे असं नाही बरं का, अमेरिकन नियमातसुद्धा हूड घालून जी आग विझवायची ती खरी किंवा खोटी कुठलीही चालते आणि हूडच्या जागी मान्यता असलेलं नकली हूड पण चालतं, आणि ही ड्रिल नोकरीत एकदा केली की त्या कलमापुरतं काम झालं. युरोपात त्यामानाने बरं, तिकडे दर तीन वर्षांनी धूर भरल्यासारख्या बंद जागेत हूड घालून काम करायला लावतात. पण तिथला तो मुलगा गेलाच की, म्हणजे एकटं ट्रेनिंग पुरत नाही आणि एकटं साधन पण पुरत नाही.

तरी मला वाटतं मुदत संपत आलेले हूड फेकून देण्यापेक्षा ते क्रूच्या ट्रेनिंगला वापरायला काय हरकत आहे, आधी लॅबमध्ये त्याच लॉटचे नमुने तपासून, बाजूला डॉक्टर आणि ऑक्सिजन ठेवून, खऱ्या धुरात नाही तर साध्या हवेत सुद्धा चालेल, पण ती गरमी, तो वास, तो सुरसुर आवाज प्रत्येकाने एकदा तरी अनुभवला पाहिजे. आणि शेवटी काढायचा कसा हे पण. आगीजवळ हूड काढायचा नसतो, कारण आत ऑक्सिजन साठून केस त्याने भरलेले असतात, ठिणगी पडली तर केस भुरकन पेटतील, लांब जाऊन काढायचा आणि केस झटकायचे. पुतणीला हे माहीत होतं, बरं वाटलं. बाकी आमच्या ठाण्या-वाशीत गल्लोगल्ली एअर होस्टेस बनवणारे क्लास आहेत, नावं नाही घेत, तिथे लाखाच्या घरात फी भरून पोरी लिपस्टिकची शेड आणि अंबाडा किती उंचीवर बांधायचा हे शिकतात. त्याच अंबाड्याचा एक केस जरी गळ्याच्या रबराखाली राहिला तरी तिथून धूर आत येतो, हे कोणी सांगतं का त्यांना? अंबाडा मानेवर खूप खाली बांधला तर रबर त्याच्यावर चढून बसतं, कानातले मोठे असतील तर ते अडकतात, ही खरी ग्रूमिंगची गोष्ट.

कोणी म्हणेल, काका, विमानात आग लागते कितीदा, रस्त्यावर ठाण्याहून पनवेलला जाताना जास्त धोका आहे. शंभर टक्के बरोबर. पण विमानातल्या धुराला बाहेर पळायला दार नसतं आणि वेळ फार कमी असतो. स्विसएअरचं १११ नंबरचं विमान २ सप्टेंबर १९९८ ला कॅनडाजवळ समुद्रात पडलं, २२९ माणसं गेली, कॉकपिटमध्ये पहिला विचित्र वास आल्यापासून पडेपर्यंत वीस-एकवीस मिनिटं. त्या अपघाताच्या तपासणीत विमानांतल्या जुन्या आगींचा हिशोब मांडला होता, आग कळल्यापासून विमान पडेपर्यंत ५ ते ३५ मिनिटं. रियाधला १९८० च्या १९ ऑगस्टला तर विमान परत येऊन सुखरूप टेकलं होतं, कराचीहून आलेलं ट्रायस्टार होतं, पण लगेच थांबलं नाही, थांबल्यावर पण इंजिनं चालूच राहिली, दारं वेळेत उघडली नाहीत आणि आतले सगळेच्या सगळे ३०१ गेले. जाळापेक्षा धुरानेच माणसं जास्त मरतात, कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पट जास्त चिकटतो, शिवाय सीटचा फोम आणि प्लास्टिक जळालं की सायनाईड, दोन-चार श्वासांत माणूस आडवा.

आणि हे हूड आले कुठून? २ जून १९८३ ला एअर कॅनडाच्या डीसी-९ मध्ये मागच्या टॉयलेटमध्ये आग लागली. को-पायलट बघायला मागे गेला तो गॉगलही न लावता आणि ऑक्सिजनची बाटलीही न घेता, धुरामुळे अर्ध्यातूनच परत आला, गॉगल घेऊन पुन्हा गेला. विमान सिनसिनाटीला उतरलं, दारं उघडली, ताजी हवा आत शिरली आणि मिनिट-दीड मिनिटात सगळी केबिन पेटली. ४६ पैकी २३ माणसं गेली. आग लहान असतानाच तोंडावर काहीतरी चांगलं लावून कोणी तिच्यापर्यंत पोचलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांना पडला आणि १९८७ मध्ये अमेरिकेत आग विझवणाऱ्या क्रूसाठी हूडचा नियम कडक झाला. म्हणजे ही वस्तू माणसं मेल्यावर आली. पायलटच्या साधनांची पण तीच कथा. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या मालवाहू ७४७ मध्ये लिथियम बॅटऱ्यांच्या मालाला आग लागली, कॅप्टनच्या मास्कमधला ऑक्सिजन मध्येच बंद पडला, तो दुसरा आणायला उठला आणि सीटवर परत आलाच नाही, को-पायलट एकटा धुरात आंधळा उडवत राहिला, दोघंही गेले.

मग जे नुसत्या वासाचे प्रकार असतात त्यांचं काय, हा आणखी एक गुंता. बहुतेक जेट विमानांत केबिनची हवा इंजिनातूनच काढून आणतात, इंजिनाचं एखादं सील गळलं की गरम तेलाची वाफ त्या हवेत मिसळून आत येते, लोक सांगतात घामट मोज्यासारखा वास येतो. बोइंग ७८७ मध्ये ही भानगड नाही, तिथे वेगळे इलेक्ट्रिक काँप्रेसर आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये गोव्याहून हैदराबादला जाणाऱ्या एका क्यू४०० विमानात असाच धूर झाला होता, त्यानंतर डीजीसीएने त्या एअरलाईनला त्या प्रकारच्या विमानांच्या इंजिन ऑईलचे नमुने ठरावीक दिवसांनी तपासायला पाठवायला लावले. म्हणजे बघा, तेलाचे नमुने काढता येतात. तेलाचे निघतात तर हूडचे का नाही निघणार?

पण मुख्य मुद्दा असा की अशा वासात क्रूने काय घालायचं. १५ मिनिटांचा हूड आगीसाठी आहे. अरबी समुद्रावर मध्यावर असताना वास सुरू झाला तर उतरायला १५ मिनिटांच्या वर कितीतरी लागणार, पायलट आपापले मास्क लावून व्यवस्थित उतरवतील पण मागची पोरं काय श्वास घेणार? घातला तर आग लागल्यावर उरत नाही, नाही घातला तर छातीत जातंय. आमच्या एमआयडीसीत वेगवेगळ्या कामाला वेगवेगळे मास्क असायचे, कार्ट्रिजचा वेगळा, एअरलाईनचा म्हणजे नळीचा वेगळा, बीए सेट वेगळा. क्रूच्या मागच्या कप्प्यात वासाच्या वेळेसाठी काहीतरी हलकं, जास्त वेळ चालणारं द्यायचा विचार व्हायला पाहिजे, त्याने आग विझवता येणार नाही हे मोठ्या अक्षरात लिहून, नाहीतर घोटाळा होईल.

आणि आता हे सगळं वाढणार आहे, कारण प्रत्येक प्रवाशाच्या खिशात-पिशवीत पॉवर बँक. २८ जानेवारी २०२५ ला कोरियात एअर बुसानचं ए३२१ जमिनीवर उभं असताना वरच्या सामानाच्या कप्प्यातून पेटलं, छप्पर जळून गेलं, १७६ जण कसेबसे उतरले, संशय पॉवर बँकवर. आपल्याकडे पण ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत टॅक्सीवेवर असलेल्या विमानात एका प्रवाशाची पॉवर बँक पेटली. लिथियमची आग हॅलॉनने, म्हणजे विमानातल्या एक्स्टिंग्विशरमधल्या गॅसने, वरवर विझते पण सेल आतून तापत राहतात, पुन्हा भडकते, त्यावर पाणी ओतत राहावं लागतं आणि तेवढा वेळ कोणीतरी त्या धुरात वाकून उभं राहायचं असतं. तो वेळ म्हणजेच हूडची १५ मिनिटं. तेव्हा वाशी-नेरूळच्या माझ्या प्रवासी बांधवांनो, ती पॉवर बँक वरच्या कप्प्यातल्या बॅगेत कोंबू नका, अंगाजवळ दिसेल अशी ठेवा, गरम लागली तर लाजू नका, लगेच बेल दाबा. आणि उतरा म्हटलं की बॅग सोडून उतरा. जपानमध्ये २ जानेवारी २०२४ ला हानेदाला पेटलेल्या विमानातून ३७९ जण बाहेर आले ते बॅगा सोडल्या म्हणून, आणि स्पीकर बंद पडल्यावर क्रूने भोंगा आणि घसा वापरला म्हणून. तिकडे क्रूला लोक ऐकतात. आपल्याकडे ‘ए मॅडम, पाणी’ असं बोलावतात.

तर संपादक साहेब, विनंती अशी की तुमच्या वार्ताहराने नव्या विमानतळावरच्या कंपन्यांना आणि डीजीसीएला हे नीट विचारावं: चालू विमानातले हूड नमुना म्हणून काढून पूर्ण वेळ चालवून बघता का, गेल्या वर्षी किती बघितले आणि किती फुसके निघाले, ए२२० च्या त्या प्रकारानंतर आपल्याकडच्या विमानांत त्या बनावटीचे किती होते आणि ते बदलले का, आणि तुमच्या किती केबिन क्रूने चालू हूड डोक्यावर घालून एकदा तरी श्वास घेतलाय. उत्तर कसंही येवो, छापा. उत्तर नाही आलं तर तेही छापा. आणि विमानतळाच्या अवतीभवती एवढी जमीन आहे, सिडकोने आणि विमानतळवाल्यांनी मिळून एक धुराची खोली आणि विमानाचा एक सांगाडा तिथे उभा करावा, क्रू पण शिकतील, ग्राउंड स्टाफ पण आणि आमच्या तळोजा-टीटीसीतल्या कारखान्यांची पोरं पण भाड्याने वापरतील, कारण कारखान्यांत हल्ली मॉक ड्रिल म्हणजे भोंगा वाजवायचा, असेंब्ली पॉइंटला फोटो काढायचा आणि चहा प्यायचा एवढंच राहिलंय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त सेफ्टी ऑफिसर,
कोपरखैरणे, नवी मुंबई